मालक म्हणतात ॲप पाहिजे? थांबा जरा! धंद्यातल्या प्रॉब्लेमसाठी डिझाइन थिंकिंग, नवख्यांसाठी

सोलापुरात धंद्यात नव्याने शिरलेल्या पोराला, मग ते घरचंच दुकान असो नाहीतर चिंचोळी एमआयडीसीतली नोकरी, पहिल्या महिन्यात एक वाक्य ऐकायला मिळतंच. "काहीतरी नवीन करा की ओ." नवीन म्हणजे काय ते कोणी सांगत नाही. मग पोरगं काय करतं, इन्स्टा पेज काढतं, लोगो बदलतं, ॲपवाल्याकडून कोटेशन मागवतं, आणि सहा महिन्यांनी गल्ल्यात फरक काहीच नाही, वरून घरात बोलणी.

डिझाइन थिंकिंग ही या गडबडीवरची एक पद्धत आहे: आधी गिऱ्हाइकाची अडचण जवळून समजून घ्यायची, मग कच्चे नमुने करून बघत उपाय शोधायचा. नाव ऐकून ड्रॉइंग यायला पाहिजे असं वाटतं, पण चित्रकलेशी काही संबंध नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो, पुढचं सगळं त्यावरच आहे: यात निम्म्याहून जास्त वेळ प्रॉब्लेम नेमका काय आहे हे शोधण्यात गेला पाहिजे. बहुतेक लोक तो भाग एका दुपारीत उरकतात आणि मग भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवत बसतात.

इतिहास लागतो तेवढाच सांगतो. डिझाइन म्हणजे असलेली परिस्थिती पाहिजे तशी बदलण्याचा विचार, हे हर्बर्ट सायमन या अमेरिकन अभ्यासकाने १९६९ मध्ये मांडलं. कॅलिफोर्नियात १९९१ मध्ये आयडिओ ही कंपनी निघाली, तिने ही पद्धत धंदेवाल्यांपर्यंत नेली. मग तिच्याच संस्थापकांपैकी डेव्हिड केली यांनी पुढाकार घेऊन स्टॅनफर्ड विद्यापीठात डिझाइन शिकवणारं डी.स्कूल उभं केलं, आणि आज सगळीकडे शिकवतात त्या पाच पायऱ्या तिथूनच पसरल्या: माणूस समजून घ्या, प्रॉब्लेम ठरवा, आयडिया काढा, कच्चा नमुना करा, तपासा. या पायऱ्या एकापाठोपाठ एक चढायच्या असं काही नाही, पाचवीवरून परत दुसरीवर येणं हे नेहमीचंच. खाली मी या पाचांच्या आधी माझी एक पायरी जोडलीय, म्हणून सहा दिसतील.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच नेऊ. समजा आपलं युनिफॉर्मचं दुकान आहे. सोलापूरचं गारमेंट म्हटलं की युनिफॉर्म आलाच, त्यामुळे बहुतेकांच्या नात्यात कोणी ना कोणी या लाइनमध्ये असतंच.

पायरी १: मालकाचं वाक्य फोडा

मालक म्हणतात, "जूनमध्ये बदलून मागणारे लई येतात, काउंटरला भांडणं होतात. दोन पोरं वाढवू, नाहीतर ऑनलाइन ऑर्डरचं ॲप करून टाकू."

हे वाक्य वहीत जसंच्या तसं लिहा आणि त्यातला कुठला भाग डोळ्यांनी दिसलेला आहे आणि कुठला उपाय आहे ते वेगळं करा. बदलून मागणारे येतात, भांडणं होतात, हे दिसलेलं. पोरं वाढवू, ॲप करू, हे उपाय. डॉक्टरकडे जाऊन "ताप आहे" न म्हणता "सलाइन लावा" म्हणावं तसं हे झालं. लोक बदलायला का येतात हे त्या वाक्यात कुठेच नाही बघा.

मालकाला तिथल्या तिथे चूक ठरवायला जाऊ नका, विशेषतः मालक म्हणजे वडील किंवा काका असतील तर. "ॲपचं बघू, पण आधी आठ दिवस मला काउंटरला उभं राहू द्या" एवढंच म्हणायचं. याला कोणी नाही म्हणत नाही, फुकट आहे ना.

पायरी २: जाऊन उभं राहा, आणि तोंड कमी चालवा

ही पायरी सगळ्यात मोठी, म्हणून सविस्तर लिहितोय.

एक साधी वही, पानाचे दोन भाग. डावीकडे जे दिसलं, ऐकलं ते त्यांच्याच शब्दांत. उजवीकडे त्यावरून तुम्हाला काय वाटलं ते. हे दोन्ही एकत्र झालं की संपलं, संध्याकाळी तुम्हाला तुमचेच अंदाज खरे वाटायला लागतात.

आता काउंटरवर काय दिसतं बघा. एक बाई येतात, पिशवीत मुलाचा मागच्या वर्षीचा शर्ट, मुलगा सोबत नाही. कामावरचा पोरगा विचारतो, "कितवीला हाय?" बाई म्हणतात तिसरीला. तो न बघता २८ नंबर काढतो. बाई म्हणतात, "एक नंबर मोठाच द्या, वर्षभर चालला पाहिजे." ३० नंबर पिशवीत जातो. पिशवीतला जुना शर्ट बाहेर निघतच नाही. दोन दिवसांनी त्याच बाई परत, खांदा पार दंडावर उतरलाय, शाळेत पोरं हसतात म्हणून मुलगा घालत नाही. आता २८ संपलाय. इथून भांडण सुरू.

मालकाला यातला शेवटचाच सीन दिसतो, म्हणून त्यांच्या डोक्यात "गिऱ्हाईक सारखं मन बदलतं" असं बसलेलं असतं. तुम्ही पहिल्यापासून बघितलंत तर दिसेल की साइज ठरतो इयत्तेवरून, आणि एकाच वर्गातली पोरं अंगाने कधी सारखी असतात का! तिसरीच्या एका बाकावर २६ वाला आणि ३२ वाला शेजारी बसलेले असतात.

बोलताना प्रश्न कसा विचारता त्यावर सगळं आहे. "आम्ही ॲप केलं तर वापराल का?" असं विचारलं तर आपल्याकडे समोरचा माणूस तुमचं मन राखायला "हाव की, वापरू की" म्हणणार, आणि त्या उत्तराची किंमत शून्य. पुढचं विचारायचंच नाही, मागचं विचारायचं. मागच्या वर्षी युनिफॉर्म कधी घेतला, कोण कोण आलं होतं, बदलायला आलात तेव्हा कशाने आलात, त्या दिवशी कामाचं काय केलं. आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. दोन-चार सेकंद शांतता झाली की आपल्याला कसंतरी होतं आणि आपणच उत्तर सुचवतो, ते टाळायचं, कारण खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या शांततेनंतरच बाहेर पडते.

नेहमीच्या गिऱ्हाइकासोबत काठावरचे लोक मुद्दाम गाठा. तीन पोरांचा युनिफॉर्म एकदम घेणारी आई. ज्याच्या अंगाचा रेडिमेड साइजच मिळत नाही असा जाडजूड किंवा फारच बारीक मुलगा. दुकानात येऊन काही न घेता गेलेला माणूस. आणि दुकानाबाहेर मशीन टाकून बसलेला अल्टरवाला, त्याला तर चहा पाजून तासभर बसवा, कारण गावातले सगळे चुकलेले साइज शेवटी त्याच्याकडेच जातात आणि कुठल्या शाळेची पँट कुठे उसवते हे त्याला तोंडपाठ असतं.

इथे आपल्या गावाची एक गोष्ट लक्षात ठेवा. पूर्व भागात जाणार असाल तर सोबत तेलुगू बोलणारा घ्या, अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक असेल तर कन्नड. मराठी सगळ्यांना येतं, पण तक्रार माणूस घरच्या भाषेत करतो, दुकानदारासमोर मराठीत "चांगलं आहे" म्हणून मोकळा होतो. आणि विडी कामगार बायकांशी बोलायला गेलात तर त्यांचे हात चालू असताना शेजारी बसून बोला, समोर बसवून मुलाखत घेऊ नका. त्यांची मजुरी हजार विड्यांवर असते, तुमचा अर्धा तास म्हणजे त्यांचे पैसे. फोटो, रेकॉर्डिंग विचारूनच.

किती लोकांशी बोलायचं? त्याच त्याच गोष्टी परत ऐकू यायला लागल्या की थांबा.

पायरी ३: प्रॉब्लेम एका वाक्यात

"आम्हाला बदलाबदली कमी करायची आहे" हे वाक्य चालणार नाही, कारण हे दुकानाचं दुखणं आहे. गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहा: कोण, त्याला काय जमलं पाहिजे, आणि का. आपल्या उदाहरणात असं होईल: "मुलाला सोबत न आणता, काम सोडून आलेल्या आईला वर्षभर पुरेल असा साइज पहिल्याच खेपेत मिळाला पाहिजे, कारण दुसरी खेप म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी."

बघा आता, ॲप आपोआप मागे सरकलं. हातात टेप आला.

वाक्य जमत नसेल तर "का" विचारत खाली उतरा. टोयोटाचे मूळ पुरुष साकिची टोयोडा यांच्या नावावर ही पाच वेळा "का" विचारायची पद्धत सांगतात. बदलायला का आले? मोठा झाला. मोठा का घेतला? वर्षभर चालावा म्हणून. वर्षभर का चालवायचाय? दोनदा घ्यायला परवडत नाही. दोनदा का घ्यावा लागतो? शिवणात सोडायला माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, नसते, सहा महिन्यांत आखूड होतो. माया का नसते? कारखान्यात कापड वाचवायला कटिंग मास्टर अगदी काठाने कापतो. आलं का लक्षात, काउंटरवरचं भांडण थेट कटिंग टेबलापर्यंत जाऊन पोचलं. पाचच वेळा विचारायचं असं काही नाही, तीनमध्ये पण मिळतं कधी कधी.

प्रॉब्लेमचं वाक्य बदललं की काय होतं याचा एक खरा किस्सा सांगतो. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या काही विद्यार्थ्यांना काम मिळालं, कमी दिवसांच्या बाळांसाठी स्वस्त इनक्युबेटर करा. त्यांच्यातला एक जण नेपाळला गेला तर काठमांडूच्या हॉस्पिटलमध्ये दान म्हणून आलेले इनक्युबेटर रिकामे पडलेले. बाळं जन्मत होती लांबच्या खेड्यांत, तिथून हॉस्पिटलपर्यंत ती पोचतच नव्हती. म्हणजे स्वस्त इनक्युबेटर केला असता तर तोही तिथेच रिकामा पडला असता. त्यांनी वाक्य बदललं: वीज नसलेल्या खेड्यातल्या आईला बाळ ऊबदार ठेवता आलं पाहिजे. त्यातून झोपायच्या पिशवीसारखं एक साधन निघालं, आत मेणासारख्या पदार्थाची पिशवी, ती एकदा गरम केली की काही तास बाळाला ऊब देते. एम्ब्रेस नावाने ते पुढे भारतातही आलं.

पायरी ४: आयडिया

ही पायरी लोकांना सगळ्यात आवडते, म्हणून मी थोडक्यात उरकतो.

प्रॉब्लेमचं वाक्य "कसं करता येईल" असं फिरवा. मूल नसताना माप कसं घेता येईल? कपडा मुलासोबत कसा वाढवता येईल? आईची दुसरी खेप कशी वाचवता येईल? मग चार-पाच जण बसा, त्यात कटिंग मास्टर आणि काउंटरचा पोरगा पाहिजेच पाहिजे. ब्रेनस्टॉर्मिंगचे, म्हणजे सगळ्यांनी मिळून भराभर आयडिया काढायचे, नियम ॲलेक्स ऑस्बोर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याने १९४० च्या दशकात मांडले, त्यातला मुख्य हाच की आयडिया निघत असताना नावं ठेवायची नाहीत. आपल्याकडे अजून एक नियम लावावा लागतो: मालकांनी शेवटी बोलायचं. मालक आधी बोलले की उरलेले सगळे "बरोबर आहे" म्हणतात आणि मीटिंग चहावर संपते. त्यापेक्षा पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी न बोलता कागदावर लिहायचं, मग कागद मधे टाकायचे, कोणाचा कुठला ते विचारायचं नाही.

निघेल काय काय: जुना शर्ट काउंटरवर ठेवून माप, शाळेतूनच मे महिन्याच्या आधी मापाची चिठ्ठी, खाली आणि कमरेला जादा माया असलेला युनिफॉर्म, दिवाळीनंतर ती माया फुकट उसवून द्यायचं कुपन, रविवारी गल्लीत ट्रायलचे नंबर घेऊन जाणं. ॲप पण यादीत राहू द्या, मालकांचा मान राहतो.

पायरी ५: कच्चा नमुना, आणि तो कच्चाच पाहिजे

नवशिक्याला इथे चांगलं करून दाखवायची हौस येते. नका करू. नमुना जितका देखणा तितकी लोकांना नावं ठेवायला लाज वाटते, आणि तुम्हाला बदलायला जीव होत नाही.

जुन्या शर्टाच्या मापाची आयडिया घ्या. काउंटरवर रंगवाल्याकडची कागदी चिकटपट्टी आडवी लावा. तुमच्याच दुकानातले २४, २६, २८, ३० नंबरचे शर्ट एकेक करून, डावी बगल एका ठराविक खुणेवर ठेवून सपाट पसरा आणि उजवी बगल जिथे येते तिथे पेनाने नंबर टाका. झालं. बाईंनी जुना शर्ट त्याच्यावर पसरला की मागच्या वर्षीचा नंबर दिसतो, आणि "हा आता त्याला कुठे दाटतो?" एवढं विचारलं की पुढचा ठरतो. खर्च चिकटपट्टीचा. शर्ट मात्र तुमच्याच मालाचे लावा, कारण प्रत्येक कारखान्याचा २८ वेगळा असतो हे या लाइनमधल्या कोणालाही विचारा.

मायावाल्या युनिफॉर्मसाठी नवीन पॅटर्न, कटिंगसाठी कापडाचे नवीन थर लावणं, काही नको. स्टॉकमधले पाच-सहा मोठे पीस घ्या, अल्टरवाल्याकडून बाजू आणि खाली आत घेऊन कच्ची टीप मारून घ्या. "दिवाळीनंतर ही टीप उसवा" अशी चिठ्ठी आत लावा.

आणि ॲप? त्याचाही कच्चा नमुना होतो. दुकानाच्या व्हॉट्सॲपवर मुलाची उंची आणि जुन्या शर्टाचा फोटो मागवा, पलीकडे तुम्हीच बसून हाताने उत्तर द्या. आयबीएमने बोललेलं टाइप करणाऱ्या कॉम्प्युटरची कल्पना अशीच तपासली होती म्हणतात, मशीन नव्हतंच, शेजारच्या खोलीत एक टायपिस्ट बसवलेला. आठवड्यात दोनच मेसेज आले तर ॲपचे पैसे वाचले की नाही?

पायरी ६: तपासा, समजावू नका

नमुना गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि हात मागे बांधून उभे राहा. "हे असं वापरायचं" म्हणालात की टेस्ट संपली. कुठे अडखळले, कुठला शब्द कळला नाही, कुठे तुमच्याकडे बघितलं, ते लिहा.

वेबसाइट वापरायला सोपी आहे का ते तपासताना पाच माणसं पुरतात, बहुतेक चुका तेवढ्यात सापडतात, असं जेकब निल्सन यांनी २००० मध्ये लिहिलं होतं आणि ते आजही लोक धरून चालतात. पण हे वापरताना कुठे अडतं ते शोधण्यापुरतं. माल खपेल का हे पाच माणसांवरून ठरवू नका.

आपल्या उदाहरणात तपासताना काय होईल? मायावाला स्कर्ट, पिनाफोर, पँट मस्त बसतात, कंबर आणि खालची पट्टी सोडता येते. शर्टाचं मात्र गणित जमत नाही, कारण बाजू आत घेतल्या तरी मोठ्या शर्टाचा खांदा उतरतोच, आणि खांद्याची शिलाई उसवून परत बसवणं म्हणजे नवीन शर्ट शिवल्यासारखंच. म्हणजे शर्टाला चिकटपट्टी, खालच्या कपड्याला माया. हे मीटिंगमध्ये बसून कोणालाही सुचलं नसतं, कटिंग मास्टर सोडून, आणि त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

एम्ब्रेसवाल्यांना पण असंच काही सापडलं. तापमान किती ठेवायचं याचा आकडा त्यांनी दाखवला होता. भारतातल्या एका खेड्यात एक आई म्हणाली की डॉक्टरांची औषधं फार कडक असतात, एक चमचा सांगितला तर आम्ही अर्धाच देतो, म्हणजे हेही आम्ही सांगितल्यापेक्षा कमीच ठेवणार. त्यांनी आकडा काढून टाकला आणि "बरोबर आहे की नाही" एवढंच दाखवायला सुरुवात केली.

पैशाचं पण आत्ताच ठरवा. ट्रायल सुरू करायच्या आधी कॅलेंडरवर लिहा: शंभर बिलांमागे किती बदलून जातात ते आज इतकं आहे, इतक्यावर आलं तर पुढे जायचं, नाहीतर सोडायचं. नंतर ठरवलं तर आपण आपल्याच आयडियाला पास करतो. आणि ट्रायल जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नको ओ, तेव्हा काउंटरवर श्वास घ्यायला वेळ नसतो. बघायचं जूनमध्ये, करून बघायचं एप्रिल-मेमध्ये.

हे कुठे चालत नाही

सूताचा दर वाढला, लाइट बिल वाढलं, चादरीची ऑर्डर निर्यातीत अडकली, यावर डिझाइन थिंकिंगने काही होत नाही. तिथे हिशोब, खरेदी, संघटना हेच लागतं. माणूस अडखळतोय, चुकतोय, टाळतोय, अशा प्रॉब्लेमला ही पद्धत लागू पडते. पद्धतीवर टीकाही आहे, नताशा जेन या न्यूयॉर्कच्या डिझायनरने २०१७ मध्ये एका भाषणात याची चांगलीच सालटी काढली होती, की चिठ्ठ्या भरपूर आणि केलेल्या कामाची कठोर तपासणी कुठेच नाही. मला ते पटतं. दोन दिवसांचं वर्कशॉप करून सर्टिफिकेट घेतलेला आणि एकदाही काउंटरला उभा न राहिलेला माणूस कामाचा नाही.

शिकायचं कुठून

फी भरायच्या आधी फुकटचं संपवा. एनपीटीईएल या आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी मद्रासचा डिझाइन थिंकिंगचा छोटा कोर्स आहे, बघायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. आयडिओ डॉट ऑर्गचं डिझाइन किट आणि डी.स्कूलचं साहित्य नेटवर मोफत आहे, इंग्रजी आहे पण सोपं. व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा एक बघा आणि एक पायरी करा.

सरावासाठी युनिफॉर्मचं दुकान नसेल तर शेंगा चटणी घ्या. नवी पेठेत किंवा स्टँडजवळ चटणी आणि कडक भाकरी विकणाऱ्या एखाद्या दुकानात परवानगी घेऊन संध्याकाळी उभे राहा, पुण्या-मुंबईच्या गाडीला जाणारं गिऱ्हाईक तेव्हाच येतं. भाकरीचं पुडकं बॅगेत कुठे ठेवतात, हातात धरतात का, चटणीच्या पाकिटाला वरून दुसरी पिशवी मागतात का, मागत असतील तर का, एवढंच लिहून आणा. दुकानदाराला लगेच सल्ला देऊ नका, पहिल्या दिवशी तर अजिबात नाही. जाताना पाव किलो चटणी विकत घ्या, त्यांच्या काउंटरची जागा अडवली होती आपण.